एकशे अठ्ठाविसावी जागा

आमच्या ऑफिसात कागद आधी भिंतीला लागायचा आणि मग साहेबांच्या सहीला जायचा. हा नियम कंपनीचा नव्हता, काकांचा होता. टाइप केलेलं पान मशीनमधून काढलं की काका ते समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत, उलट्या पावली फायलींच्या कपाटापर्यंत मागे जात आणि डोळे बारीक करून बघत. वाचत नसत, बघत. डावा समास कुठे दबलाय, कुठल्या ओळीत शाई फिकी उतरलीय, खाली किती पांढरं उरलंय. मनासारखं नसलं की पान फाडून पुन्हा टाइप करत. मग ती कँटीन उद्या बंद राहील अशी दोन ओळींची सूचना का असेना.

"ताई, पान आधी दिसतं, मग वाचलं जातं," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, इंग्रजी टायपिंगच्या परीक्षेत पहिली आले होते आणि माझं नाक बरंच वर होतं. या माणसाला दुसरं काही काम नसावं, असं मला वाटलं.

कारखाना नाशिकच्या सातपूरला, विजेच्या स्विचांचा. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पर्सोनेल खात्याच्या लांबट खोलीत आम्ही दोघं टायपिस्ट पाठीला पाठ करून बसायचो. मी इंग्रजी, ते मराठी. साहेब लोकांची पत्रं माझ्याकडे, आणि कंपनीला कामगारांशी जे काही बोलायचं असेल ते काकांकडे. नोटिसा, रजा मंजूर, रजा नामंजूर, ताकीद, बढती, निवृत्तीचा निरोप. द्वारका चौकाजवळच्या दोन खोल्यांतून ते रोज सायकलने यायचे. त्या सायकलच्या हँडललाही त्यांनी रंगीत दोऱ्याची अशी काही गुंडाळी केली होती की स्टँडवरच्या सगळ्या सायकलींत ती फाटकापासून ओळखू येई.

त्यांचं टाइपरायटर हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. कंपनीने दिलं तेव्हा ते म्हणे साधं काळं मशीन होतं. मी पाहिलं तेव्हा त्याच्या बटणांवर रंगखात्यातून मागून आणलेल्या ऑइलपेंटचे थेंब होते. काना-मात्रा लाल, अर्धी अक्षरं हिरवी, पूर्ण अक्षरं पिवळी, आकडे पांढरे. खालच्या लांब पट्टीवर जुन्या पैठणीच्या काठाचा तुकडा चिकटवलेला, नाशिकच्या थंडीत अंगठ्याला लोखंड गार लागू नये म्हणून. मशीनखाली घोंगडीची दुहेरी घडी, म्हणजे आवाज मऊ यावा. दिव्याला बटर पेपर लावलेला, कागदावर चकाकी येऊ नये म्हणून.

मी एकदा त्यांना पकडलं. म्हटलं, "काका, तुम्ही बटणांकडे बघतच नाही. मग रंग कशाला?"

"मला लागत नाहीत," ते मशीनवर हात ठेवून म्हणाले. "पण त्याला बरं वाटतं."

मशीन दुरुस्त करणारा माणूस मेन रोडवरून वर्षातून दोनदा यायचा, तो तर काकांच्या मशीनला हात लावायलाच तयार नसे. तो म्हणायचा, हे आता कंपनीचं राहिलेलं नाही, तुमचं तुम्हीच बघा. काका याला स्तुती समजत आणि त्याला स्वतःच्या हिश्शाचा चहा पाजत.

माझ्या अक्षरावर त्यांचा विशेष डोळा होता. इंग्रजी पत्राचा मराठी मसुदा मी हाताने लिहून त्यांच्याकडे द्यायची. ते कागद हातात धरून काळजीच्या सुरात विचारायचे, "ताई, यांची आपसात भांडणं झालीत का?" 'र' 'ख'कडे पाठ करून बसलाय, 'ण' घर सोडून निघालाय, असं सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या सावकाश सांगायचे. मी चिडून म्हणायची, वाचता येतंय ना, झालं तर मग. ते म्हणायचे, वाचता तर रेल्वेचं तिकीटही येतं. नऊ वर्षं हे असंच चाललं, आणि नऊ वर्षांत माझं अक्षर सुधारलं ते केवळ त्यांना बोलायला जागा मिळू नये म्हणून.

काका मूळचे येवल्याचे, विणकराच्या घरातले. घरात माग एक आणि भाऊ तीन, त्यातले हे धाकटे. माग थोरल्याकडे गेला आणि यांना टायपिंगच्या क्लासला घातलं. पण लहानपणची सगळी वर्षं मागाच्या शेजारी गेलेली. वडील चौकटीच्या कागदावर मोर, पोपट, कमळं काढायचे, एकेक घर भरून, आणि शेजारी बसलेल्या काकांना ती घरं मोठ्याने वाचून दाखवायला लावायचे. तीन भरलेली, दोन रिकामी, पाच भरलेली. त्याबरहुकूम वडील धागे उचलायचे. "एक घर चुकलं की मोराची मान मोडायची," काका सांगत. "मग बोलणी कोणी खायची? मी."

मोडण्याचा त्यांना तिटकारा होता तो तिथूनच आला असावा. मराठी टाइपरायटरवर सगळी जोडाक्षरं नसत. जी नसत ती लोक पाय मोडून लिहीत, म्हणजे द् वेगळा आणि म वेगळा. काकांना हे चालत नसे, आणि माणसाच्या नावात तर मुळीच नाही. ते पहिलं अक्षर उठवत, मशीनचा रूळ अर्धी खाच फिरवत, गाडी किंचित मागे घेत आणि दुसरं अक्षर पहिल्याच्या पोटाशी नेऊन बसवत. अक्षर थोडं थोराड दिसे, पण एकसंध दिसे. एका नावाला एवढा खटाटोप, आणि अशी नावं दिवसाला पाच-पंचवीस. मी मागे वळून बघायची आणि मनात म्हणायची, हौस आहे.

ती हौस नव्हती हे मला पद्माबाईंनी शिकवलं. पद्माबाई पॅकिंग खात्यात होत्या. माहेर दिंडोरीकडचं, राहायला नाशिकरोडला बुद्धविहाराच्या मागे. उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. काका भाचीच्या लग्नाला येवल्याला गेलेले असताना त्यांच्या बढतीचं पत्र निघालं. काकांच्या रंगीत मशीनवर बसून मी ते एका बोटाने ठोकलं आणि नाव अर्थातच पाय मोडून लिहिलं. मला तेव्हा तेवढंच येत होतं आणि तेवढंच पुरेसं वाटत होतं.

दुपारी पद्माबाई कागद घेऊन आल्या. "बाई, हे दुसऱ्या कुणाचं तरी हाय."

"तुमचंच आहे," मी म्हटलं. "हे काय, पद्मा."

"नाय. माझं नाव असं नाय दिसत."

मी त्यांना पुन्हा एकदा बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी कमरेची पिशवी काढली. आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक जुना कागद निघाला, त्यांच्या नेमणुकीचा, काकांनी टाइप केलेला. तो त्यांनी माझ्या कागदाशेजारी ठेवला. "मला वाचता नाय येत," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण माझं नाव मला वळखता येतं. हे बघा, ते असं हाय. तुमच्या कागदात ते नायच." आणि माझं पत्र टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. बढतीचं पत्र होतं ते.

काका परत आल्यावर मी हा किस्सा हसत सांगितला. ते हसले नाहीत. त्यांनी पत्र पुन्हा टाइप केलं, भिंतीला लावलं, बघितलं, स्वतः पॅकिंगमध्ये नेऊन दिलं. परत येऊन म्हणाले, "ताई, त्यांच्याजवळ लिहिलेलं असं तेवढंच आहे. तेही आपण मोडून दिलं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, कारण ते बरोबर होते.

कॉम्प्युटर आला तो शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास. त्याच्यासाठी वेगळी खोली झाली, गार हवेची, चपला बाहेर काढून जायची. त्याच्यासोबत पुण्याचा एक चष्मेवाला इंजिनियर आला, पंचविशीतला, आणि आमच्या साहेबांपेक्षा जास्त मान त्याला मिळायला लागला. मजकूर लिहिण्यासाठीचा प्रोग्राम त्याने स्वतः तयार केला होता. त्याला तो एडिटर म्हणे. मी आठवड्याभरात त्यावर इंग्रजी पत्रं लिहायला लागले आणि पुन्हा एकदा माझं नाक वर गेलं.

मग एके दिवशी पर्सोनेल साहेबांनी काकांना बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते, पण हेड ऑफिसचं पत्र आलं की त्यांचा आवाज बदलायचा. म्हणाले, येत्या वर्धापनदिनाला दहा वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या सगळ्यांना प्रशस्तिपत्रं द्यायची आहेत. ती नव्या मशीनवर निघाली पाहिजेत. नवं मशीन इंग्रजी जाणतं, तेव्हा ती इंग्रजीत निघतील, आणि मग पुढे नोटिसा, पत्रं, सगळंच इंग्रजीत. टाइपरायटर काढून टाकू. तुम्हाला टाइम ऑफिसात बसवतो, पगार तोच राहील.

"कामगारांना इंग्रजी येत नाही, साहेब," काका म्हणाले.

"कुणाकडून तरी वाचून घेतील."

काका तिथून बाहेर पडले ते आपल्या खुर्चीत न येता थेट गार खोलीत गेले. मी तिथेच होते. इंजिनियरला त्यांनी विचारलं, "या यंत्राला अक्षरं कोण देतं?"

त्याला हा प्रश्न गमतीचा वाटला. "आधीच असतात, काका. पण बदलता येतात. अक्षर म्हणजे काय, नुसती घरं. सोळा आडवी, चोवीस उभी. कुठलं घर पेटवायचं आणि कुठलं काळं ठेवायचं, एवढंच यंत्राला सांगायचं."

काका जरा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "म्हणजे नक्षीच की," ते म्हणाले.

त्यांनी साहेबांकडून तीन महिने मागून घेतले. साहेबांनी अट घातली: वर्धापनदिनाची प्रशस्तिपत्रं या मशीनवर मराठीत निघाली, प्रत्येकाचं नाव नीट निघालं, तर मराठी राहील. एकाही कामगाराने नाव चुकलंय म्हणून तक्रार केली तर विषय संपला. मला वाटलं साहेब त्यांना समजूत काढून घरी पाठवताहेत. काकांना वाटलं आपल्याला काम मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर चौकटीच्या कागदांची थप्पी दिसायला लागली. टायपिंग उरकलं की पेन्सिलीने घरं भरायची. डबा खाताना डावीकडे पोळी आणि उजवीकडे 'झ'. वरची रेघ दोन घरं जाड, उभा दंड दोन घरं, गोलाई कुठे वळवायची यावर तासन्‌तास. 'श'च्या गाठीतलं एक घर त्यांनी इतक्या वेळा भरलं आणि पुसलं की कागदाला भोक पडलं. 'ळ' सात वेळा नापास झाला. काना-मात्रा-वेलांट्या अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी बसवायची युक्ती इंजिनियरने काढली, आणि ती जमली त्या दिवशी काकांनी त्याला येवल्याहून आणलेली शेव खायला घातली.

पहिली तीस अक्षरं यंत्रात भरली गेली तेव्हा आम्ही सगळे चपला काढून गार खोलीत दाटीवाटीने उभे होतो. इंजिनियरने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली आणि कुणालाच काही वाचता येईना. सगळी ओळखीची वाटत होती आणि एकही ओळखू येत नव्हतं. साहेबांनी घसा खाकरला.

काका म्हणाले, "ताई, तुमच्या पर्समध्ये आरसा आहे का?"

मी दिला. त्यांनी पडद्याकडे पाठ केली, आरसा वर धरला आणि त्यात बघून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. क, ख, ग, घ. सगळी ठीक होती, फक्त उलटी होती. वडिलांच्या मागाशेजारी बसून काका घरं उजवीकडून डावीकडे वाचायला शिकले होते. इंजिनियरला घरांचे आकडे सांगताना त्यांनी तेच केलं, आणि त्याने ते डावीकडून उजवीकडे भरले. दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती, कुणाला करताच आली नसती.

"अक्षरं बरोबर आहेत," काका आरसा परत देत म्हणाले. "यंत्र पलीकडच्या बाजूने बघतंय."

पंधरा दिवसांचं काम गेलं असं मला वाटलं. इंजिनियर म्हणाला, काळजी करू नका, आणि चहा येईपर्यंत त्याने सगळी अक्षरं फिरवून सरळ केली. काकांनी सरळ झालेली अक्षरं एकेक करून बघितली. मग म्हणाले, "आमच्या वडिलांना हे मिळालं असतं तर किती मोर झाले असते." त्या दिवसापासून यंत्राशी त्यांचं वैर संपलं, आणि ते त्याच्याही मागे लागले.

आधी रंग. पडदा काळा आणि अक्षरं हिरवी होती. काका म्हणाले, दिवसभर हे बघून माणसाच्या अंगावर शेवाळ यायचं. इंजिनियर म्हणाला, पडदा रंगीत आहे, तुम्हाला हवे ते रंग घ्या, सोळा आहेत. "सोळा?" काकांनी असं विचारलं की तो बिचारा ओशाळला. मग काकांनी त्या सोळांना आपली नावं दिली. राघू, अंजिरी, मोरपंखी, हळदी, राखी, आणि एका पुठ्ठ्यावर ती लिहून पडद्याशेजारी टांगली. शेवटी गर्द निळ्यावर हळदी अक्षरं ठरली, आणि माणसाचं नाव तेवढं पांढरंशुभ्र. ताकीद लिहायची असली की ते अक्षरं राखी करून घेत. कागदावर सगळं काळंच छापलं जायचं, मग हे कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "लिहिणाऱ्याचा हात जरा हलका राहतो."

मग पडद्यावरचे शब्द. वरच्या ओळीत इंग्रजी आज्ञा होत्या, त्या त्यांनी मराठीत करून घेतल्या. फाइलचा कागद झाला, सेव्हचं जपा, डिलीटचं पुसा आणि बाहेर पडायचं बटण होतं त्याचं उठा. मजकूर न जपता कुणी ते बटण दाबलं की पडद्यावर यायचं, "न जपता उठताय. चालेल ना?" साहेब एकदा प्रयोग म्हणून बसले, नेमकं तेच बटण दाबलं, समोरची ओळ वाचली आणि खुर्चीतून खरंच अर्धे उठले. मग स्वतःच हसले. कारखान्यात त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे जमतंय.

मला अभिमान कुणाचा वाटत नसे, स्वतःचा सोडून. पण त्या दिवसांत कुणी पाहुणा आला की मीच त्याला गार खोलीत नेऊन पडदा दाखवायची आणि म्हणायची, ही अक्षरं आमच्या काकांची.

अडचण शेवटी आली. यंत्रात अक्षरांना एकूण दोनशे छप्पन्न जागा होत्या, इंग्रजीसाठी अर्ध्या राखून उरलेल्या मराठीला. एकशे अठ्ठावीस. त्याबाहेरचं अक्षर यंत्रात बसत नव्हतं, आणि इथे रूळ अर्धी खाच फिरवायची सोय नव्हती. यादीत नसलेलं जोडाक्षर पाय मोडूनच लिहावं लागणार. रोजच्या कामाला लागणारी अक्षरं काकांनी आधी घेतली. मग हजेरीपट मागवला आणि दुपारच्या सुटीत एकेक नाव तपासत गेले. ज्या नावासाठी नवं जोडाक्षर लागेल त्याच्यापुढे टिंब. कुठे 'द्द', कुठे 'ड्ड', कुठे 'ह्म'. जागा संपत आल्या.

एकशे सत्तावीस भरल्या तेव्हा दोन टिंबं उरली होती. एक पद्माबाईंचं. 'द्म' सबंध कारखान्यात त्यांच्याखेरीज कुणाच्या नावात नव्हतं, आणि आमच्या कुठल्या नोटिशीतही कधी येत नव्हतं. दुसरं टिंब काकांच्या स्वतःच्या आडनावापुढे होतं. तेही जोडाक्षर असंच एकट्याचं. वर्धापनदिनाला आठ दिवस होते. इंजिनियर म्हणाला, आणखी एक जागा हवी तर सगळा प्रोग्राम मुळापासून लिहावा लागेल, महिना तरी जाईल.

काका पेन्सिलीचं टोक एका टिंबावरून दुसऱ्यावर नेत राहिले. मीच बोलले. "काका, यात विचार कसला करायचा? या यंत्राला अक्षरं तुम्ही दिलीत. तुमचंच नाव त्यात मोडकं लिहायचं? पद्माबाईंना मी स्वतः समजावून सांगते."

"एकदा सांगितलं होतंत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावर 'द्म'चा कागद भरून तयार होता. मी त्यांचं ड्रॉवर ओढलं, खोडरबर हवा होता. आत दुसरा कागद होता. त्यांच्या आडनावातलं जोडाक्षर, पूर्ण भरलेलं, एकही घर खोडलेलं नव्हतं. माझ्या मते एकशे अठ्ठाविसातल्या कुठल्याही अक्षराहून ते देखणं होतं. कागदाची घडी झिजली होती. त्यांनी ते पहिल्या आठवड्यातच काढून ठेवलं असावं.

मी तो कागद त्यांच्यासमोर धरला. मला रडू येत होतं आणि मी रागाचा आव आणला होता.

"मला माझं नाव वाचता येतं, ताई," ते म्हणाले. "कसंही लिहिलं तरी." आणि 'द्म'चा कागद घेऊन गार खोलीकडे गेले.

वर्धापनदिनाच्या आदल्या दुपारी प्रिंटर करकरत होता. एकेक प्रशस्तिपत्र बाहेर येत होतं आणि काका ते पर्सोनेलच्या भिंतीवर लावत होते. खिळे पुरेनात तेव्हा टाचण्या आणल्या. खोलीची लांब भिंत नावांनी भरून गेली. काका कपाटाला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी डोळे बारीक केले. कुठे एकही नाव मोडलेलं नव्हतं. इंजिनियरनेही कपाटाशी जाऊन तसंच बघितलं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचा कागद काकांचा स्वतःचा. त्यात 'श्री.' होतं, खाली सगळा मजकूर होता, आणि नावाच्या ठिकाणी मोकळी जागा. मोडून लिहिण्यापेक्षा त्यांनी ती तशीच सोडली होती. खिशातलं शाईचं पेन काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"ताई, लिहा."

"मी? माझ्या अक्षरांची भांडणं असतात ना?"

"आता मिटलंय त्यांचं."

मी रद्दी कागदावर तीनदा लिहून बघितलं. मग श्वास धरून त्या मोकळ्या जागेत लिहिलं. त्यांनी शाई वाळू दिली, कागद भिंतीला लावला आणि कपाटापर्यंत मागे गेले. नऊ वर्षांत मी परीक्षेला बसले नव्हते, त्या मिनिटात बसले. "बरं दिसतंय," ते म्हणाले आणि गार खोलीच्या दाराशी काढलेल्या चपला शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगसमोरच्या मोकळ्या जागेत कार्यक्रम झाला. पद्माबाईंचं नाव पुकारलं तेव्हा त्या आल्या, कागद घेतला आणि साहेबांना नमस्कार करायचं विसरून आधी कागदाकडेच बघितलं. बोट फिरवत त्या एका ठिकाणी थांबल्या. "हे माझंच हाय," त्या साहेबांना म्हणाल्या. साहेबांना त्यात विशेष काय ते कळलं नाही. मी पहिल्या रांगेत होते, मी काकांकडे बघितलं. ते पद्माबाईंकडे बघत होते आणि त्यांची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती.

काकांचा कागद देताना साहेब अडले. "अहो, सगळ्यांची नावं मशीनवर, आणि तुमचंच हाताने?"

"जागा संपली, साहेब," काका म्हणाले. "पण ताईंचं अक्षर चांगलं आहे."

एकही तक्रार आली नाही. आठवड्याने साहेबांनी सगळ्या खात्यांना पत्र काढलं की कामगारांचे कागद पूर्वीप्रमाणे मराठीतच निघतील, आणि ते पत्र मराठीत होतं, गर्द निळ्यावर हळदी अक्षरांत काकांनीच लिहिलेलं. काका निवृत्त होईपर्यंत आणि पुढेही दोन-तीन वर्षं त्या एडिटरवर काम चाललं. मग नवी यंत्रं आली, त्यांच्यासोबत तयार अक्षरं आली, जागांची मोजदाद संपली. काकांनी ती अक्षरं बघितली होती. म्हणाले, 'ळ' घाईत काढलाय.

ते प्रशस्तिपत्र काकूंनी द्वारकेच्या खोलीत भिंतीला लावलं आहे. काका आता नाहीत. मी अजून जाते. गेले की आधी दारापर्यंत मागे सरते, डोळे बारीक करते आणि बघते. त्यांचं नाव मी या लिखाणात कुठेच घातलेलं नाही. आजच्या यंत्रावर ते सहज छापता येईल, हे मला ठाऊक आहे. पण ते माझ्या हाताने एकदा लिहिलेलं आहे, आणि लांबून अजून बरं दिसतं.